हात वर करा! : रहस्यपटाच्या पोस्टरची गोष्ट

तर मंडळी, तुमचा सिनेमा तयार झालाय असं समजू या. लांबी बारा मिनिटं. कॅमेरा कुणाच्या तरी ताईच्या मोबाइलचा. कलाकार नववी-बचे, आणि ज्यांना डायलॉग पाठ होत नाहीत ते सगळे गर्दीत. सिनेमाचं नाव ‘उजवा हात’.

गोष्ट अशी. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सांगाडा उभा असतो. एका सोमवारी मधल्या सुट्टीनंतर बाई वर्गाला घेऊन आत येतात आणि बघतात तर काय, सांगाड्याचा उजवा हात कोपरापासून गायब! खोलीला कुलूप होतं. किल्ल्या दोनच : एक बाईंकडे, एक शिपाईकाकांकडे. झालं, सगळ्यांचा संशय काकांवर. त्यांच्या नोकरीवर बेतायची वेळ येते आणि मग चार मुलं तपासाला लागतात. काकांचं काम शाळेतल्या खऱ्याखुऱ्या शिपाईकाकांनीच केलंय, तेही अगदी हौसेने, नवा गणवेश घालून.

चोर कोण निघतो? ते मी सांगणार नाही. न सांगताही लोकांना ओढून कसं आणायचं, हाच तर आपला आजचा विषय आहे. सिनेमा शनिवारी शाळेच्या सभागृहात दाखवायचाय, खुर्च्या तीनशे आहेत आणि तुमच्या हातात आहे एक कोरा कागद. त्याचं पोस्टर करायचंय.

सगळ्यांचे चेहरे नकोत

पहिली मीटिंग बसली की काय होतं ते मी आत्ताच सांगतो. नायक म्हणतो, माझा फोटो मध्ये. नायिका म्हणते, मग मी काय केलंय? दिग्दर्शक म्हणतो, सगळ्यांचे फोटो गोल गोल कापून लावू. कॅमेरावाल्याला वाटतं आपलाही एखादा कोपऱ्यात असावा. अर्ध्या तासाने जे तयार होतं ते पोस्टर नसतं, दहावीच्या निकालानंतर क्लासवाले लावतात तो फलक असतो. त्यात फक्त टक्के लिहायचे बाकी राहतात.

दुसरी सूचना हमखास येते ती रक्ताची. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, अक्षरांतून ठिबकणारे थेंब आणि एक सुरा. दिसायला झकास! पण तुमच्या सिनेमात सुरा आहे का? रक्ताचा एक तरी थेंब आहे का? नाही ना? मग जो प्रेक्षक सुरा बघून आला तो बारा मिनिटं सुऱ्याची वाट बघत बसेल आणि बाहेर पडून म्हणेल, ‘फसवलं!’ तुमचा सिनेमा चांगला असूनही म्हणेल. पोस्टर हा एक प्रकारचा शब्द असतो. आत अमुक तऱ्हेची गंमत मिळेल, असा दिलेला शब्द. तो पाळता येईल एवढाच द्यावा.

तिसरी सूचना जरा हुशार मुलांकडून येते. डब्याचं झाकण किलकिलं उघडलंय आणि आतून हाडांची बोटं डोकावतायत! वा! चित्र म्हणून ही कल्पना मला फार आवडते. पण तो हात सिनेमाच्या शेवटी खरंच कुणाच्या डब्यात सापडणार असेल, तर तुम्ही तपास भिंतीवरच उरकून टाकलात की.

टेबलाखालचा बॉम्ब

थरारपटांचा गुरू मानला जाणारा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने एक युक्ती सांगून ठेवलीय. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ साली त्याची लांबलचक मुलाखत घेतली आणि पुढे तिचं पुस्तक झालं, त्यात ती आहे. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक किती वेळ दचकेल? पंधरा सेकंद. आता तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने करा. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधीच दाखवा, भिंतीवरचं घड्याळ दाखवा आणि मग त्या दोघांना निवांत गप्पा मारू द्या. प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर! का? कारण पडद्यावरच्या माणसाला जे ठाऊक नाही ते याला ठाऊक आहे.

पोस्टरमध्ये वेळ नसतो. एकच क्षण असतो, गोठलेला. तरीही ही युक्ती तिथे चालते आणि त्याचा सगळ्यात गाजलेला दाखला म्हणजे १९७५ सालच्या ‘जॉज’ या सिनेमाचं पोस्टर. वर समुद्राच्या पृष्ठभागावर एक बाई आरामात पोहतेय. खाली, थेट तिच्या दिशेने, दातांनी भरलेला एक प्रचंड जबडा वर येतोय. बघणाऱ्याला दिसतं, पोहणारीला दिसत नाही. बस्स! एवढंच. रॉजर कास्टेल या चित्रकाराने ते आधी त्याच गोष्टीच्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी रंगवलं होतं, सिनेमावाल्यांनी ते तसंच उचललं. आणि गंमत पाहा, सिनेमात तो शार्क नीट दिसायला तासाहून जास्त वेळ वाट पाहावी लागते. पोस्टरने धोका दाखवला. पुढे काय होतं ते नाही सांगितलं.

आता आपल्या ‘उजव्या हाता’कडे या. प्रेक्षकाला दिसेल पण चित्रातल्या माणसाला दिसणार नाही, असं काय करता येईल?

विचार करा. पुढचं लगेच वाचू नका.

हे कसं वाटतं बघा. वर्ग भरलेला आहे. खिडकीपाशी सर टेबलावर वाकून सहलीला येणाऱ्यांची नावं लिहून घेतायत, मान खाली. आपण मागच्या बाकावरून बघतोय. समोर मुलांचे हात वर झालेत, वीसेक तरी असतील. लहान, मोठे, एकात घड्याळ, एकात बांगडी. आणि त्यातला एक हात हाडांचा!

सरांना तो दिसलेला नाही. शेजारच्या मुलांनाही नाही. दिसला तो फक्त तुम्हाला. खाली एकच ओळ : ‘हात वर करा.’ वर्गात रोज ऐकू येणारं वाक्य. सिनेमातला पोलीसही हेच म्हणतो, नाही का?

या कल्पनेत आणखी एक फायदा लपलाय. सगळ्यांचे हात आहेत, चेहरा कुणाचाच नाही. भांडण मिटलं! नायकाचा हात कुठला ते त्याने मित्रांना खुशाल दाखवत बसावं.

कात्री, काळा कागद आणि सकाळचं ऊन

तुम्ही म्हणाल, कल्पना ठीक आहे, पण सांगाड्याचा हात आणायचा कुठून? प्रयोगशाळेतला मागितला तर बाई खरंच मोडायचा म्हणून देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तो लागतोच कशाला?

सॉल बास नावाचा एक अमेरिकन चित्रकार होऊन गेला (१९२०–१९९६). १९५९ साली आलेल्या ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या कोर्टातल्या रहस्यपटाचं पोस्टर त्याने केलं. त्यात नटनट्यांचे देखणे चेहरे नाहीत. आहे ती फक्त कात्रीने कापल्यासारखी एक काळी माणसाकृती : डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे. शवविच्छेदन म्हणा, खटल्यात एकेक पुरावा सुटा करून तपासणं म्हणा, दोन्ही त्या तुकड्यांत आलं. आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’साठी त्याने भडक नारिंगी रंगावर पांढऱ्या रेषांचा एक भोवरा काढला आणि त्यात माणसं लोटून दिली. त्या सिनेमाच्या नायकाला उंचीवरून खाली पाहिलं की गरगरतं. पोस्टरकडे जरा वेळ पाहिलं की आपल्यालाही गरगरतं! माझ्या मते रहस्यपटांच्या पोस्टरांत त्याच्यासारखा माणूस झालाच नाही, पण हे माझं मत. तुमच्या चित्रकलेच्या सरांना विचाराल तर ते आणखी पाच नावं सांगतील.

आपल्याला त्याच्याकडून घ्यायचंय ते एवढंच, की काळी आकृती पुरते. म्हणजे सांगाड्याचा हातही काळ्या कार्डपेपरचा चालेल. जीवशास्त्राचं पुस्तक उघडा. मनगटात आठ लहान हाडं असतात, तळहातात पाच, बोटांत चौदा (अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत तीन-तीन). कार्डपेपरवर काढा, हाडांच्या मधल्या फटी ब्लेडने कोरून घ्या. ब्लेड वापरताना कुणी मोठं माणूस शेजारी असू द्या. फटी जरा मोठ्याच ठेवा, नाहीतर लांबून तो साधा किडकिडीत हात वाटेल. मागे झाडूची काडी चिकटवली की झाला सांगाडा तयार. खर्च पाच-दहा रुपये.

फोटो काढताना खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. एरवी फोटो काढणारा उजेडाकडे पाठ करतो, इथे उलटं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत येत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी किंवा धोतर लावा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. वर्गातले दिवे बंद. आता मोबाइलच्या पडद्यावर खिडकीच्या उजळ भागावर बोट टेकवा. कॅमेरा तो उजेड सांभाळायला जातो आणि पुढचं सगळं आपोआप काळं पडतं. सर, हात, बाकं, सगळ्यांच्या सावल्याच सावल्या. आणि मग कार्डपेपरचा हात आणि खरा हात यांत कोण ओळखतोय?

एक करा, हात एकमेकांवर येऊ देऊ नका. दोन काळे हात एकमेकांवर आले की तिसराच काहीतरी आकार होतो, बहुतेक वेळा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. प्रत्येक हाताभोवती थोडा पांढरा उजेड हवा. त्यासाठी कुणी स्टुलावर, कुणी बाकाखाली वाकून, असे पंचवीस-तीस फोटो काढावे लागतात. कंटाळा येतो, हात दुखतात. पण इथे घाई केली तर पुढे कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, ते सुधारत नाही.

अक्षरं लोंबकळतात

आपल्या देवनागरी अक्षरांना डोक्यावर रेघ असते, शिरोरेषा. पोस्टर करणाऱ्याला ही मोठीच देणगी आहे आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत. ‘उजवा हात’ ही अक्षरं पोस्टरच्या वरच्या भागात लिहा, जाडजूड. शिरोरेषा पार या कडेपासून त्या कडेपर्यंत खेचा. आता खालून वर आलेले हात त्या अक्षरांपर्यंत पोचतात, जणू लोकलमधल्या दांड्याला धरायला निघालेत. आणि हाडांचा हात तेवढा त्या रेषेला टेकलाय, तिथेच रेषेला बारीकसा तडा. नाव आणि चित्र वेगवेगळं राहिलंच नाही.

अक्षरं हा आपल्याकडे कसा नाद होऊ शकतो हे पाहायचं असेल तर कमल शेडगे यांची कामं मिळवून बघा. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत नाटकाचं नाव ज्या वळणाने छापलं जायचं, ती वळणं कित्येक वर्षं त्यांच्या हातची असत. नाटक विनोदी की गंभीर हे अक्षरं बघूनच कळावं, अशी. २०२० साली ते गेले. घरात जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी किंवा जुनी नाट्यविषयक मासिकं असतील तर जरूर शोधा.

हाताने लिहायला जमणार नसेल तर कॉम्प्युटरवरची अक्षरं घ्या, हरकत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फाँट कुणालाही फुकट वापरता येतात. मात्र भीती वाटावी म्हणून नागमोडी, काटेरी, ठिबकणारी अक्षरं निवडू नका. काना, मात्रा, वेलांटी आणि त्यावर काटे, म्हणजे वाचणाऱ्याला आधी निवडुंगच दिसणार.

आकाराचा एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. दहा फुटांवरून आरामात वाचता यावं असं अक्षर निदान एक इंच उंच हवं, तीस फुटांवरून तीन इंच. शाळेच्या व्हरांड्याच्या त्या टोकाहून नाव वाचता आलं पाहिजे. तीन पावलांवर आल्यावर ‘हात वर करा’ वाचता यावं. आणि दिग्दर्शन, छायाचित्रण, संगीत ही नावं नाकाजवळ आल्यावर वाचली तरी चालतील. ती वाचायला येणारे तुमच्या घरचेच असतात!

झालेलं पोस्टर तपासायची माझी आवडती पद्धत सांगतो. ते मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघा. काय आहे ते कळलं तर पास.

आधीच्यांनी काय केलं

आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टरांची गोष्ट कोल्हापुरात सुरू होते असं म्हटलं तर चुकणार नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः केली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेमा-पोस्टरांत मोजलं जातं. त्यांच्याच कंपनीत शिकून तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. त्यातले दामले-फत्तेलाल हेही चित्रकारच. आणि एम. एफ. हुसेन! ते तरुणपणी मुंबईत सिनेमांचे फलक रंगवून पोट भरत.

सत्यजित राय यांची तऱ्हा तर तुम्हाला जवळची वाटेल. १९४३ पासून ते एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. सिनेमे काढायला लागल्यावर पोस्टरांची चित्रं आणि अक्षरं त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवली. त्यांच्या आजोबांनी १९१३ मध्ये सुरू केलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक बंद पडलं होतं. ते त्यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि त्यातच १९६५ मध्ये फेलूदा या गुप्तहेराला जन्माला घातलं. त्या फेलूदाचा ‘सोनार केल्ला’ हा रहस्यपट १९७४ सालचा. म्हणजे मुलांसाठी रहस्यकथा लिहिणारा, तिच्यावर सिनेमा काढणारा आणि त्याचं पोस्टर चितारणारा एकच माणूस! तुमच्या गटात सगळी कामं तिघांनाच करावी लागत असतील तर वाईट वाटून घेऊ नका.

शेवट कापलेला सिनेमा

आता जरा अवघड मुद्द्याकडे येऊ.

तुमच्या मीटिंगमध्ये आणखी एक सूचना येईल आणि ती सगळ्यांना एकदम पटेल. शिपाईकाकांचा मोठा फोटो घ्यायचा, खालून टॉर्च मारायचा, म्हणजे चेहरा भयानक दिसतो, आणि लिहायचं : ‘हाच का तो चोर?’ सिनेमात संशय त्यांच्यावरच असतो ना, मग खोटं काय त्यात? शिवाय शेवटी ते निर्दोष सुटतातच की!

सुटतात, पण कुठे? सिनेमात, अकराव्या मिनिटाला. पोस्टर मात्र फाटकाशी लागणार. ते दूधवाला बघेल, रिक्षावाला बघेल, पहिलीतली पोरं बघतील, त्यांना सोडायला आलेले पालक बघतील. यातले किती जण शनिवारी सिनेमाला येणार? जे येणार नाहीत त्यांच्यापुरता सिनेमा तिथेच संपला आणि त्यात काका चोर आहेत. पोस्टर म्हणजे शेवट कापून टाकलेला सिनेमा असतो. खऱ्या माणसाचा चेहरा त्यावर लावताना हे विसरून चालत नाही. काका हौसेने हो म्हणतील, त्यांना तो फोटो आवडेलही. पण पुढच्या महिन्यात कुणाची छत्री हरवली की पहिली नजर कुणाकडे जाईल?

तुम्हाला हे फारच ताणलंय असं वाटेल. मग एक खरी घटना सांगतो.

पाकिस्तानात कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने एक छोटी फिल्म काढली होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि एका मुलाला उचलून पळतात. थोड्याच वेळात ते परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात : मुलं पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. अगदी चांगल्या हेतूने केलेली फिल्म! कुणीतरी तिचा शेवटचा फलकाचा भाग कापला. उरलेला तुकडा २०१८ साली भारतात मोबाइलवरून गावोगाव फिरला, ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ म्हणून. असे कितीतरी निरोप आणि तुकडे त्या वर्षी फिरत होते. ठिकठिकाणी जमावाने परक्या माणसांना मारलं. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेपायी पाच जणांना जमावाने ठार केलं. भिक्षा मागून जगणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

म्हणून ‘मुलगा हरवला आहे’ अशी खोटी सूचना छापून गावभर लावायची, त्यावर मित्राचा फोटो टाकायचा, ही कल्पना कितीही भन्नाट वाटली तरी सोडून द्या. ती कल्पना नवी नाहीच. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला तेव्हा हेच केलं होतं. जंगलात फिल्म करायला गेलेले तीन विद्यार्थी परत आलेच नाहीत, अशी ती गोष्ट. ती बनवणारे डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघं स्वतः फ्लोरिडातल्या विद्यापीठात सिनेमा शिकलेले. त्यांनी ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली, त्यावर नटांची खरी नावं आणि खरे फोटो टाकले. अगदी थोड्या पैशांत केलेल्या त्या सिनेमाने जगभरात चोवीस कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले. जाहिरातीच्या पुस्तकांत आजही त्याचं कौतुक वाचायला मिळतं. पण त्यातल्या नटीच्या आईला, मुलगी गेली असं समजून लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली, ही गोष्ट त्या कौतुकात सहसा नसते.

‘हात हरवला आहे! रंग : पिवळट. बोटे : पाच. शेवटचा दिसला : प्रयोगशाळेत’ असं मात्र खुशाल छापा. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, झालीच तर करमणूक होते. खाली सिनेमाचं नाव आणि वेळ मोठ्या अक्षरात टाकायला विसरू नका म्हणजे झालं.

झेरॉक्सच्या दुकानात

पैसे कमी असले की डोकं चांगलं चालतं. रंगीत छपाई महाग पडते, म्हणून काळ्या-पांढऱ्यात करा. आपलं चित्र सावल्यांचंच आहे, त्याला रंग लागतोच कुठे? पांढऱ्याऐवजी पिवळ्या कागदावर झेरॉक्स काढा. झालं दोनरंगी पोस्टर! काळा भाग फार मोठा ठेवू नका, साध्या झेरॉक्समध्ये मोठा काळा पट्टा मध्येच पुसट, डागाळलेला येतो.

मूळ चित्र ए-फोर कागदावर (२१० बाय २९७ मिलिमीटर) करून ए-थ्रीवर (२९७ बाय ४२० मिलिमीटर) मोठं करायचं असेल तर दुकानदाराला १४१ टक्के सांगा. हा आकडा कुठून आला? दोनाचं वर्गमूळ १.४१४. या कागदांची लांबी-रुंदी याच प्रमाणात असते, म्हणून काहीही न कापता चित्र नेमकं बसतं. गणिताच्या सरांना सांगा, खूश होतील.

फोटो मोबाइलमधून कॉम्प्युटरवर नेताना तो चॅटमधून साधा फोटो म्हणून पाठवू नका. वाटेत तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर कडा करवतीसारख्या दिसतात. फाइल म्हणून पाठवा किंवा सरळ वायर जोडा. ए-थ्रीवर स्वच्छ छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर साधारण ३५०० बाय ५००० ठिपक्यांचं चित्र लागतं. थोडं कमी असलं तरी सावल्यांच्या चित्रात खपून जातं.

आणि एक रंग हाताने भरा. हाडांच्या मनगटाला लाल स्केचपेनने एक दोरा बांधा, प्रत्येक प्रतीवर. वीस प्रतींना दहा मिनिटं पुरतात. सांगाड्याच्या मनगटाला लाल दोरा कुणी बांधला? का? व्हरांड्यात उभं राहून मुलं भांडतील. अट एकच, तो दोरा सिनेमातही दिसायला हवा. नसेल तर अजून एक दिवस आहे, तो प्रसंग पुन्हा घ्या. (पोस्टरसाठी सिनेमा बदलणारे तुम्ही पहिले नसाल.)

लावण्याआधी मुख्याध्यापकांची सही घ्या. नोटीसबोर्ड, पाण्याच्या टाकीजवळ, जिन्याचं वळण, कॅन्टीन, सायकल स्टँड. जिथे मुलं थांबतात तिथे लावा, जिथून पळत जातात तिथे नको. शाळेबाहेर सार्वजनिक भिंतींवर परवानगीशिवाय पोस्टर चिकटवणं हा आपल्या राज्यात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेजारच्या किराणावाल्या काकांना विचारून त्यांच्या काचेवर आतून एक लावता येईल.

खालच्या पट्टीत वार, तारीख, वेळ, जागा, प्रवेश फुकट आहे की नाही, हे सगळं आलंय ना? वार आणि तारीख कॅलेंडरशी ताडून बघा. ‘उशिरा येणाऱ्यांना आत सोडणार नाही’ हेही घाला. १९६० मध्ये ‘सायको’च्या वेळी हिचकॉकने हेच केलं होतं, पोस्टरवर मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवणारा खुद्द त्याचा फोटो! आधी थिएटरवाले कुरकुरले, मग बाहेर रांगा लागल्या. तुमच्या बारा मिनिटांच्या सिनेमाला पाच मिनिटं उशिरा आलेल्याला तर निम्मी गोष्टच कळणार नाही, तेव्हा दार खरंच लावून घ्या. दाराशी उभं राहायला शिपाईकाकांइतकं योग्य माणूस दुसरं कोण? त्या दिवशीही त्यांना नवा गणवेश घालायला सांगा.

सिनेमा झाला की पोस्टरं काढून आणा. एक प्रत मात्र गुंडाळी न करता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा आणि मागे पेन्सिलीने तारीख आणि सगळ्यांची नावं लिहा. कुणाचा हात कुठला, तेही.